लेकीला पाठवा

आमच्या प्रतिष्ठानाचे पहिल्या नऊ महिन्यांतले एकमेव लाभार्थी म्हणजे आमचे अप्पा. प्रतिष्ठान होतं बाळंतिणींसाठी आणि अप्पांचं वय ऐंशीला टेकलेलं. पण लाडू केलेले होते आणि खायला दुसरं कुणी नव्हतं. डिंक, खारीक, खोबरं, हळीव, गोडंबी असं सगळं घालून अव्वा, म्हणजे आमची आई, ताजे लाडू वळायची आणि डबा भरून बाळंतिणीच्या खोलीत ठेवायची. बाळंतीण काही यायची नाही. मग डबा परत घरात यायचा आणि अप्पा गुपचूप एकेक लाडू संपवत बसायचे. डॉक्टरांनी वजन का वाढलं म्हणून विचारलं, की ते निरागस चेहऱ्यानं आमच्याकडं बघायचे.

हसायला येतं आता. तेव्हा मात्र अव्वाच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

लोहाऱ्यात आमचं अडतीचं दुकान. शेतकऱ्यानं माल आणायचा, आम्ही तो तोलून पुढच्या व्यापाऱ्याला विकून द्यायचा, असा धंदा. सीमेकडची बरीच माणसं कानडी बोलणारी, म्हणून अप्पा दुकानात येणाऱ्या कुणालाही आधी 'बर्री, कुंद्री' म्हणजे 'या, बसा' म्हणायचे आणि मग समोरच्याचं तोंड बघून मराठीत यायचे. पुण्याहून आलेल्या बँकेच्या साहेबालाही त्यांनी एकदा असंच बसवलं होतं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिकडं पुण्यात इंजिनिअर झाला. मी सोलापूरला कॉलेजात शिकवायला लागले. दुकान हळूहळू चुलतभावाकडं गेलं. दोन्ही लेकरं आपापल्या पायावर उभी आहेत हे बघून अप्पांनी एका दिवाळीला सांगितलं, की दुकानाचं भाडं, रस्त्याकडचं रान आणि दुकानामागचं घर हे आता देवाधर्माला नाही, माणसांच्या कामाला लावायचं. मग ते अव्वाकडं वळून म्हणाले, "तुझ्या मनात काय हाय ते सांग. माझ्या मनात काईच न्हाय."

अव्वानं क्षणभरही विचार केला नाही. ती म्हणाली, "ज्या पोरीला माहेर न्हाय, तिचं बाळंतपण."

आम्हाला नवल वाटलं नाही, कारण त्यामागची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. अव्वा परंड्याकडच्या सोनारीची. आईवडील ती लहान असतानाच गेले. मामानं वाढवलं, रीतीनं लग्न लावून दिलं आणि तिथंच आपलं काम संपलं असं समजून तो मोकळा झाला. सोनारीचं म्हणून अव्वाकडं भैरवनाथाची यात्रा होती, देवळाच्या आवारातल्या माकडांच्या गोष्टी होत्या, पण परत जायला घर नव्हतं. पंचमी जवळ आली की आमच्या गल्लीत एकेका घरी मुऱ्हाळी यायचा. सासरी असलेल्या लेकीला न्यायला माहेराहून येणाऱ्या माणसाला मुऱ्हाळी म्हणतात; बहुतेक वेळा तो भाऊ असतो. अव्वा दुसऱ्यांच्या मुऱ्हाळ्यांना चहा करून द्यायची. गल्लीतल्या सगळ्या बायका झोके घ्यायला गेल्या, की ती दुपारभर जोंधळे निवडत बसायची. हे ती रडून सांगत नसे. उलट हसून सांगायची, आणि त्यामुळंच आम्हाला जास्त लागायचं.

दादाच्या वेळी तिचे दिवस भरत आले तेव्हा घरात सासू नव्हती; अप्पांची आई लग्नाआधीच गेलेली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. मामाकडं निरोप गेला. तिकडून काही आलं नाही. समोरच्या घरात झेडपीच्या शाळेतले एक गुरुजी भाड्यानं राहायचे. त्यांच्या बायकोला अव्वा अक्का म्हणायची. दीक्षा घेतलेलं बौद्ध घर. आणि आमचं लिंगायत व्यापाऱ्याचं, गळ्यात लिंग असलेलं, सोवळंओवळं पाळणारं. त्या काळी समोरासमोर राहूनही एकमेकांच्या चुलीपर्यंत कुणी जात नसे. त्या अक्कानं अव्वाला आपल्या घरी नेलं. सव्वा महिना तिला न्हाऊ घातलं, बाळाला तेल लावलं, बाळंतशेपा चारल्या. स्वतःच्या लेकराच्या वाटचं तूप तिच्या भाकरीवर घातलं. अप्पांच्या चुलत्यांनी त्यावरून बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत. अप्पांनी त्याची फिकीर केली नाही. मला माझ्या बापाच्या कशाकशाचा अभिमान आहे हे विचाराल, तर मी हेच आधी सांगेन.

पुढं गुरुजींची बदली झाली. मग आणखी एक बदली. पत्ता हरवला. अव्वानं बरीच वर्षं विचारपूस केली आणि एकदा कळलं, की अक्का राहिली नाही. उपकार फेडायचे तर समोर माणूस लागतं. ते नव्हतं. म्हणून हे प्रतिष्ठान.

दादा कामाला लागला. दादा कामाला लागला की काम बाजूला राहतं आणि कामाची तयारी फार होते. त्यानं ध्येय लिहिलं, दूरदृष्टी लिहिली, उद्दिष्टं लिहिली, आणि ती आम्हाला भिंतीवर उजेड पाडून दाखवली. अप्पा ते बघताना झोपले. पण कागदपत्रं, नोंदणी, विश्वस्तांची निवड हे सगळं त्यानंच निस्तरलं, हेही खरं. मी सचिव झाले, कारण सुटीत लोहाऱ्याला यायला मीच मोकळी असायची. दुकानामागच्या घराला रंग दिला, मोठी न्हाणी बांधली, पाण्याचा बंब आणला, पाळणे टांगले. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं: बाळंतपण तिथं, आणि नंतरचा सव्वा महिना आमच्याकडं. कामाला एक अनुभवी बाई ठेवली. दारावर मोठी पाटी लावली. वर प्रतिष्ठानाचं लांबलचक नाव आणि खाली लाल अक्षरांत: 'निराधार महिलांसाठी मोफत बाळंतपण सेवा'. मजकूर दादाचा, शुद्धलेखन माझं. अक्षय्य तृतीयेला, बसवेश्वरांच्या जयंतीच्या दिवशी, गावजेवण घालून उद्घाटन केलं.

आणि कुणी आलं नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. गरज नव्हती असं नाही. डॉक्टरीणबाई सांगायच्या, की बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी पोरी शेतावर जातात. कुणाची आई नाही, कुणाचा बाप दुसरं लग्न करून बसलाय. त्या आमचं नाव सुचवायच्या. पोरी मान हलवायच्या आणि यायच्या नाहीत. आम्ही जीपवाल्यांना सांगितलं, एसटी स्टँडवर कागद चिकटवला. दादा पुण्याहून विचारायचा, "प्रचार कमी पडतोय का?" कामाची बाई रिकामी बसून कंटाळली आणि तिनं सगळ्या गोधड्या दोनदा धुतल्या. अव्वा लाडू वळत राहिली.

संक्रांतीला दादा आला तेव्हा त्यानं विषय काढला. बोलणं वाईट नव्हतं. पोलिसभरतीच्या, तलाठीच्या परीक्षांना बसणारी किती तरी मुलं-मुली गावात आहेत, त्यांना बसायला जागा नाही. रिकामं घर ठेवण्यापेक्षा तिथं अभ्यासिका करू. पाडव्याच्या विश्वस्तांच्या बैठकीत ठराव घेऊ. अप्पांनाही ते पटलं, मलाही पटलं. अव्वा चुलीशी होती. तिनं पाठ फिरवूनच विचारलं, "पाडव्यापतुर थांबशील ना? एक तरी लेक येऊ दे या घरात."

दादा म्हणाला, "थांबतो की अव्वा." आणि माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली. आम्हा दोघांनाही माहीत होतं, कुणी येणार नाही.

त्याच सुमाराला अप्पांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं एक गोष्ट कानावर घातली. धाराशिवजवळच्या बेंबळीला त्याचे पाहुणे होते. त्यांच्या शेजारची एक सून, वसतिगृहात वाढलेली, आईबाप कुणी नसलेली, पहिलटकरीण. नवरा टेम्पोवर, घरी फक्त विधवा सासू. चार-पाच एकर रान सगळं ती सासूच बघते. अप्पांनी लगेच निरोप धाडला: पोरीला इकडं आणून सोडा, सगळं मोफत आहे, काळजी करू नका. आठवडाभरानं गिऱ्हाइकानं खाली मान घालून उत्तर आणलं. सासू म्हणाली होती, आमी काय भिकारी न्हाय.

अव्वा त्या दिवशी जेवली नाही. मी तेव्हा सुटी काढून आले होते. तिच्या गुडघ्याला तेल लावताना मी म्हणाले, "जाऊ दे अव्वा, अभ्यासिकाही चांगलंच काम आहे." ती म्हणाली, "हाय की. म्या कुठं वाईट म्हणते." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानात एक बाई आली. उंच, उन्हानं रापलेली, पदर खोचलेला, पायात पुरुषी चपला. लोहाऱ्यात लग्नाला आली होती म्हणे. अप्पा सवयीनं म्हणाले, "बर्री, कुंद्री."

"बसायला न्हाय आले म्या," ती म्हणाली. "बेंबळीला निरोप धाडणारं कोण हाय इथं?"

अप्पांनी हळूच हात वर केला. ऐंशी वर्षांचा माणूस, शाळेत उभं केल्यासारखा. अव्वा आणि मी आतून बाहेर आलो.

"तुमचं चांगलं चाललंय, देवानं दिलंय, तुमी देताय. माझं त्येला काय म्हणणं न्हाय," ती म्हणाली. "पर ती पाटी वाचली म्या आत्ता. माझी सून निराधार कशानं झाली? म्या मेले व्हय?"

दुकानात तोलणारे हमालही थांबले. मी काहीतरी समजावू लागले, की हा शब्द शासकीय आहे, तसा अर्थ नाही वगैरे. तिनं मला हातानंच गप्प केलं.

"आणि त्यो निरोप. आणून सोडा म्हनं! बाळंतपणाला पोरगी जाती ती माहेराला जाती. माहेराला कुणी आपल्या पायानं जातंय व्हय? आणून सोडाय ती काय तुरीचं पोतं हाय? न्यायला यायला नको कुणी? गल्लीतल्या बाया इचारतील, कोण आलतं न्यायला, तर तिनं काय सांगावं? लई हाल काढलेत पोरीनं. आता माझ्या घरातनं तिला कुणाच्या दारात उभी करू न्हाय देणार म्या."

ती थांबली. तिला धाप लागली होती. मला वाटलं, आता अव्वा रडणार. बघते तर अव्वाचा चेहरा एकदम उजळलेला. ती पुढं झाली, त्या बाईचा हात धरला आणि अप्पांकडं वळून म्हणाली, "आवो, आठवलं का तुमाला? अक्का न्यायला आल्ती."

अप्पांनी उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय की. उंबऱ्यात हुबी व्हती."

ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली होती, पण हा तुकडा कधीच ऐकला नव्हता. अव्वानं बाईला ओढून गादीवर बसवलं आणि सांगू लागली. समोरचं घर, मधे फक्त गल्ली. अव्वा चार पावलांत जाऊ शकली असती. पण अक्का तशी बोलवायला आली नाही. धुवट लुगडं नेसून, धपाट्यांची शिदोरी फडक्यात बांधून, गल्लीत सगळे जागे असताना दिवसाढवळ्या ती आमच्या उंबऱ्यात उभी राहिली. घरात येऊ का म्हणून विचारलं नाही, कारण त्या काळी विचारण्यासारखं नव्हतं. तिथूनच ती अप्पांना म्हणाली, "मी मुऱ्हाळी आले. लेकीला पाठवा."

"बाईमाणूस मुऱ्हाळी म्हणून आल्यालं म्या तवाच बगितलं," अव्वा म्हणाली. "मी हुंदके देत गेले. तूप, शेपा, न्हाणं, समदं लोकांना सांगत बसले, आन् हेच इसरले बघा."

बेंबळीची बाई गादीवर नीट मांडी घालून बसली. मग म्हणाली, "च्या ठिवा." तिनं दोन कप चहा घेतला. उठताना अप्पांना म्हणाली, "येताव तर या. दिवस बघून या. आणि रिकाम्या हातानं नगा येऊ."

मुऱ्हाळी कोण जाणार यावर घरात वाद झाला नाही. अव्वानं दादाला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "तुझ्या बहिणीला आणायचंय, ये." दादा गोंधळला, त्याला वाटलं मी सोलापुरात आजारी पडले. समजल्यावर तो म्हणाला, शुक्रवारी रात्रीच लोहाऱ्याला येतो, शनिवारी पहाटे निघून दुपारपर्यंत तिला घेऊन येतो. मीही बरोबर गेले. मागच्या सीटवर धपाट्यांची शिदोरी, खण, नारळ, हिरवं लुगडं, सासूसाठी वेगळं लुगडं. अव्वानं दादाला टोपी घालायला लावली. आपल्या मोठ्या गाडीत टोपी घालून बसलेला दादा सारखा आरशात बघत होता. मी हसू दाबत बेंबळीपर्यंत गेले.

दुपारपर्यंत परत यायचा बेत बेंबळीच्या बाईंनी दारातच मोडला. "मुऱ्हाळ्याला त्याच दिशी मोकळं धाडतेत व्हय? आमी काय इतके गेलेले न्हाय." पुरण शिजत होतं. आम्हाला राहावं लागलं. संध्याकाळी दादाची कसली तरी ऑनलाइन बैठक होती. त्याला रेंज मिळेना म्हणून तो माळवदावर चढून बसला. खाली गल्लीतल्या बायका जमून वर बोट करून एकमेकींना सांगत होत्या, "त्यो बग, हिचा भाव. पुण्याला मोठा साहेब हाय." दादानं ते ऐकलं असावं. बैठक लवकर संपवून तो खाली आला आणि बाजेवर बसून गल्लीतल्या प्रत्येकाशी बोलला. एका म्हातारीनं त्याला विचारलं, "तुमी हिचं कोण लागताव?"

दादा म्हणाला, "भाऊ."

पोरगी दारामागं उभी होती. वीस-एकवीसची असेल. ती आधी हसली. दादा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, तिनं त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलेला. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या मागं सासू गेली. आतून सासूचा आवाज आला, "रडू नगं. माहेराला जाताना रडतेत का? सासरला येताना रडतेत."

सकाळी निघायची वेळ झाली आणि पोरगी गायब. आम्ही गाडी सुरू करून बसलो होतो. कळलं, ती गल्लीत घरोघरी सांगत हिंडतेय. प्रत्येक उंबऱ्याशी थांबायची, पाया पडायची आणि सांगायची, "जाते हं. न्यायला आलेत." जिथं माणसं रानात गेली होती, त्या घरी ती शेजारच्यांकडं निरोप ठेवत होती. काही महिन्यांत ती परत येणारच होती. पण आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं आणि तिला ते सगळ्यांना सांगायचं होतं. दादानं गाडी बंद केली. त्यानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही. माझ्या भावावर मी नेहमी चिडते. त्या सकाळी मला तो फार आवडला.

लोहाऱ्याला पोचल्यावर अव्वानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीच्या पायावर पाणी घातलं. दादानं खाली उतरून आधी कपडेही बदलले नाहीत. शिडी आणली, स्वतः चढला आणि पाटी उतरवली. ती अजून कोठीत आहे. तिच्यावर मिरच्या वाळवायला बऱ्या पडतात. त्या घराला आता पाटीच नाही. लोक त्याला 'अव्वाचं घर' म्हणतात आणि सापडायला काही अडचण येत नाही.

पाडव्याला पोरगी तिथंच होती, पोट सांभाळत गुढीला साखरेची माळ बांधायला धडपडत. विश्वस्तांची बैठक झाली. दादानं ठराव मांडला खरा, पण तो वेगळाच निघाला: अभ्यासिकेसाठी दुकानावरची माडी द्यावी आणि प्रतिष्ठानाच्या उद्दिष्टांत पहिल्या क्रमांकावर एक ओळ घालावी, की लेकीला न्यायला आपण जायचं. भिंतीवर उजेड पाडून त्यानं तेवढी एकच ओळ दाखवली. या वेळी अप्पा जागे होते.

पोरीला मुलगी झाली. अव्वानं तिला न्हाऊ-माखू घातलं, बाळाला कुंची शिवली. बाजेखाली शेगडी ठेवायला मात्र डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केली. धुरानं बाळाच्या छातीला त्रास होतो म्हणाल्या. अव्वा त्यांच्यासमोर हो म्हणाली आणि त्या गेल्यावर दिवसभर कुरकुरली, पण शेगडी ठेवली नाही. लाडू संपले. अप्पांना एकसुद्धा मिळाला नाही आणि त्यांनी तशी तक्रारही केली. सव्वा महिन्यानं पाळणा, बाळंतविडा, ओटी घेऊन दादाच पोरीला बेंबळीला पोचवून आला. गाडी वळली तेव्हा अव्वा दारात उभी होती. मला म्हणाली, "रिकामं वाटतंय गं." पण ते रिकामेपण वेगळं होतं, सगळ्या माहेरांना माहीत असणारं.

बेंबळीच्या बाईंनी काय काय सांगितलं कोण जाणे, पण जूनपासून निरोप येऊ लागले. आता ते 'मोफत आहे का' असं विचारत नाहीत. 'न्यायला कधी येताव' असं विचारतात. दादाला दर वेळी जमत नाही. मग चुलतभाऊ जातो, कधी मी जाते. टोपी ज्याची त्यानं घालायची.

हे सगळं चांगलं झालं, इथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण त्या पंचमीचं सांगायचं राहतं.

श्रावणातली ओली सकाळ होती. मी आदल्या दिवशी आले होते, अव्वा चुलीपाशी लाह्या फोडत होती, अप्पा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. दारासमोर वडाप जीप थांबली आणि तिच्यातून बेंबळीच्या बाई उतरल्या. एकट्याच. धुवट लुगडं, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी, पायात त्याच चपला. त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. अप्पा म्हणाले, "बर्री, कुंद्री." त्या आत आल्या नाहीत.

"मी मुऱ्हाळी आले," त्या अप्पांना म्हणाल्या. "लेकीला पाठवा."

अप्पांचं वर्तमानपत्र खाली आलं. त्यांना वाटलं, पोरगी इथंच आहे की काय. त्यांनी आत बघितलं. आत फक्त अव्वा होती. तिच्या हातातला झारा तसाच राहिला होता. लाह्या करपल्याचा वास सुटला तरी कुणी हललं नाही.

"पोरीनं झोका बांधलाय," बाई उंबऱ्यातूनच सांगत होत्या. "म्हणली, अव्वाला आणा. म्या म्हणलं, पोराला धाडते टेम्पो घेऊन. मग म्हणलं, न्हाय. म्याच जाते. तुमच्याकडं बाईमाणूस जात असती ना न्यायला."

अव्वा भिंतीचा आधार घेत उठली. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघे दुखणारी माझी आई. तिला रडू येत होतं आणि ती रागावत होती. "आदी सांगायचं तरी. आसं कुणी येतंय व्हय? माझं लुगडं वाळत हाय. ह्येंच्या जेवणाचं काय?" बोलता बोलता ती आत गेली आणि बाहेर आली ती लग्नातली गर्भरेशमी नेसून, कपाळाला विभूती लावून. मी गुडघ्याच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. ती काढून ठेवायला निघाली होती. माहेराला जाताना औषधं कशाला म्हणाली.

अप्पा उठून उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी हात जोडले.  मग मुऱ्हाळ्याला विचारायचं तेच विचारलं, "परत कवा धाडणार?"

"मन भरलं म्हंजे," बाई म्हणाल्या.

जीप सुटेपर्यंत वेळ लागला. कारण अव्वा गल्लीत गेली होती. समोरच्या घरात, जिथं कधी अक्का राहायची, तिथं आता एक नवं जोडपं राहतं. ती त्यांच्या दारातही थांबली. मी ओसरीवरून ऐकत होते. पदर सावरत, गुडघा धरत ती एकेका उंबऱ्याशी उभी राहून सांगत होती, "जाते हं. न्यायला आलेत."